साठ रुपयांचा वडा

साठ रुपयांच्या बटाटेवड्यात असतं तरी काय, याचं यमुनाकाकूंना भारी कुतूहल. मध्यंतरात त्यांनी नाट्यगृहाच्या कँटीनमधून एक वडा घेतला आणि चव ताडून बघायला पिशवीतला दुसरा वडा त्याच बशीत ठेवला.

कँटीनवाले गुर्जरशेठ धावत आले. "काकू, पाटी वाचा! बाहेरचं खाणं इथे चालत नाही. बाहेरचा वडा जप्त!"

"यातला बाहेरचा कुठला, ते कसं ओळखणार?"

"चवीवरून!" शेठनी दोन्ही वड्यांचे तुकडे चाखले. पहिल्याला नाक मुरडलं, दुसऱ्याला मान डोलावली. "हा आमचा. अशी चव बाहेर मिळायची नाही!"

"मिळते की," काकू म्हणाल्या, "फाटकासमोरच्या गाडीवर, पंधरा रुपयांत."

घंटा झाली, पण कँटीनची रांग आत वळली नाही. ती फाटकाकडे निघाली.