पलीकडचा डोंगर

त्या राज्यातला एक डोंगर दरवर्षी वाढत असे, आणि त्याचं कोणालाच नवल वाटत नसे. तो खिंडीच्या पलीकडे होता, आणि पलीकडचं कोणी पाहत नसे. अलीकडे ओढा होता, ओढ्याकाठी झाडं होती, झाडांवर सातभाई पक्ष्यांची वस्ती होती, आणि राज्यात सगळं आलबेल आहे असं दरबारातले कावळे रोज सकाळी ओरडून सांगत.

या वस्तीत एक जुनी रीत होती. पिल्लाच्या अंगाखाली नवं अस्तर घालायचं नाही. अंडं उबायला लागलं की होणारी आई घरट्याघरट्यांतून फिरे आणि वापरलेलं अस्तर मागून आणी. सावरीचा कापूस आणि गवताचे धागे यांचं ते विणलेलं असे. पिल्लानं घाण केली की ते ओढ्यात खळबळून काढायचं, काठच्या बोरीवर वाळत घालायचं, पुन्हा अंथरायचं. जितकं धुतलेलं तितकं मऊ. पिल्लाला त्यावर पहिल्यांदा ठेवलं की आई अस्तराच्या काठावर चोचीनं एक खाच पाडी, आणि पिल्लू उडून गेलं की अस्तर दुसऱ्या घरट्यात जाई. काही अस्तरांचे काठ करवतीसारखे झाले होते. बाया ते एकमेकींना दाखवत बसत : ही माझी, ही माझ्या आईची, ही पांगाऱ्यावरच्या त्या भांडखोर बाईची.

रीत चांगली होती, पण फुकटची नव्हती. धुता धुता बायांच्या चोची सुजत. नरांपैकी कोणी अस्तराला चोच लावल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

अशा या वस्तीत एक दिवस बगळा उतरला. त्याच्या चोचीत पांढऱ्याशुभ्र पानांची चळत होती.

"बायांनो, तुमचे हाल बघवत नाहीत हो," तो म्हणाला. "हे पान अंथरा. धुवायला नको, वाळवायला नको. घाण झालं की टाकून द्या."

"टाकायचं कुठे?" कोणीतरी विचारलं.

"कुठे म्हणजे? पलीकडे!"

सगळ्याजणी हसल्या. इतकं सोपं उत्तर आपल्याला कसं सुचलं नाही, असं त्यांना झालं. बदल्यात बगळ्यानं ओढ्यातले मासे मागितले. सातभाई मासे खात नसत, म्हणून ते देताना कोणाला काही दिल्यासारखं वाटलं नाही. सर्वांत खूश झाले नर. बायकांच्या कष्टांचा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळवळा आला.

पान हलकं होतं. फांदीवरून सोडलं की वारा ते उचले आणि खिंडीपार नेई. पुढे त्याचं काय होतं हा प्रश्न वाऱ्याचा होता.

सोनकीचं लग्न झालं तेव्हा वस्तीत पान रुळलं होतं. तिचं पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं ते डोक्यावरची पिसं उभारूनच. म्हणून त्याचं नाव तुरा पडलं. त्याच सकाळी तिची सासू करडी एक जुनं अस्तर घेऊन आली. वस्तीत धुणारी ती एकटीच उरली होती.

"आत्याबाई, हे काय आणलंत?" सोनकी मागे सरली. "कुणाकुणाची पोरं ह्याच्यावर हगलीत, आणि मी माझ्या पोराला घालू?"

"तुझा नवराही त्यातच आला," करडी म्हणाली. "ही बघ, ही खाच त्याची. हगण्यात काही कमी नव्हता हो."

सोनकीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "माझ्याकडे पान आहे. एकदा घातलं, टाकलं, संपलं."

"संपतं? मग जातं कुठे?"

"पलीकडे."

"पलीकडे कोण राहतं गं?"

"कोणी नाही राहत! म्हणून तर टाकतात ना."

"आणि आपला ओढा कुठनं येतो?"

ओढा पलीकडून येतो हे वस्तीतल्या पिल्लांनाही ठाऊक होतं. सोनकीनं तुऱ्याची पिसं चोचीनं सारखी करायला घेतली. बाळंतिणीला असले प्रश्न विचारू नयेत एवढीही अक्कल म्हातारीला नाही, असं तिच्या मनात आलं.

"राहू दे तुझ्यापाशी," करडी जाता जाता म्हणाली. "पान नसेल त्या दिवशी लागेल."

सोनकीनं तुऱ्याला पानावर ठेवलं आणि, कसं कोण जाणे, सवय रक्तातच असावी, पानाच्या काठावर चोचीनं एक खाच पाडली. त्या पानावर तेवढी एकच खाच होती. तासाभरात तुऱ्यानं पान खराब केलं. सोनकीनं ते वाऱ्यावर सोडलं. त्याच्यामागोमाग अस्तरही सोडलं. घरट्यात तो जुनाट वास तिला नको होता.

पलीकडचा डोंगर आता खिंडीच्या वर डोकावू लागला होता. दरबारानं त्याचं नाव श्वेतगिरी ठेवलं. आपल्या राज्याला स्वतःचा हिमपर्वत लाभला, असं कावळे ओरडले, आणि पालक आपापल्या पिल्लांना तो दुरून दाखवू लागले. ओढ्याच्या पाण्याला वास येऊ लागला होता. त्याविषयी कावळे काही बोलले नाहीत. मासे दिसेनासे झाले, तसा बगळाही दिसेनासा झाला. कुठल्याशा दुसऱ्या राज्यातल्या बायांचे हाल त्याला बघवत नसल्याचं कळलं.

तुऱ्याला पंख फुटायच्या आत श्वेतगिरी खचला. पावसाळा सरत आला होता. आठवडाभर संततधार लागली आणि तो अख्खाच्या अख्खा ओढ्याच्या उगमावर बसला. पाणी आधी तुंबलं, मग फुटलं. लोंढा झाडांच्या फांद्यांपर्यंत चढला आणि सगळी घरटी भिजली.

सोनकीकडे शेवटचं पान उरलं होतं, तेही गेलं. तुरा चिंब झाला होता, थरथरत होता. ती शेजारच्या घरट्याकडे उडाली.

"अस्तर आहे का गं? एखादा तुकडा तरी?"

"अस्तर? आता कोण ठेवतं?"

पुढच्या घरट्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. पांगाऱ्यावरची बाई तर खेकसली, "मागायला बरी आलीस! माझीच दोघं गारठलीत. तुझ्याकडे असेल तर दे."

शेवटी ती करडीकडे गेली. "आत्याबाई, तुमचं ते अस्तर..."

"तुझ्यापाशीच दिलंय की."

सोनकीनं मान खाली घातली. करडीनं तिच्याकडे एकवार पाहिलं. मग ती उठली, सुनेच्या घरट्यात जाऊन तुऱ्यावर बसली आणि स्वतःच्या छातीची पिसं उपटून त्याच्याभोवती लावू लागली.

सोनकी खिंडीकडे उडाली. वाऱ्यानं नेलेलं अस्तर पलीकडेच कुठेतरी पडलेलं असणार होतं.

पलीकडे जागा नव्हती. डोंगराचा उरलेला अर्धा भाग दरीभर पसरला होता. पानांवर पानं, त्यांच्यावर पानं. तिच्या स्वतःच्या लहान भावंडांची, शेजारणींच्या पोरांची, जी उडून गेली त्यांची आणि जी मेली त्यांचीही. एकही विरलं नव्हतं. ती उकरत राहिली, चोच फुटेपर्यंत. एका कपारीत पानं जरा बाजूला झालेली दिसली. तिथे वीतभर काळी माती होती, मातीत गवताचा एक कुजका धागा होता, आणि त्यातून सावरीचं दोन पानांचं रोप वर आलं होतं. अस्तर असं एवढंच उरलं होतं.

ती रिकाम्या चोचीनं परतली. करडीची छाती उघडी पडली होती. तिच्याखाली तुऱ्याचं थरथरणं थांबलं होतं.

"ऊब लागली ना त्याला, आत्याबाई?" सोनकीनं विचारलं.

करडीनं मान खाली घातली. त्याच्यावरून ती उठली नाही.

पाणी ओसरल्यावर दरबारानं चौकशी केली. पाऊस दोषी ठरला. नव्या बगळ्याला बोलावणं धाडायचंही त्याच बैठकीत ठरलं. मग ऊन पडलं, आणि ओढ्याकाठची बोर पांढरीशुभ्र दिसू लागली. बोरीला बहर आला, असं कावळे ओरडले. लांबून पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटलं, पोरी पुन्हा धुवायला लागल्या वाटतं.

सोनकी बोरीजवळ गेली. काट्याकाट्यावर पानं अडकली होती, लोंढ्यानं अलीकडे आणून सोडलेली. एका खालच्या फांदीवरच्या पानाच्या काठाला एकच खाच होती.

तिनं ते उलटून पाहिलं. तुऱ्याचा पहिल्या सकाळचा डाग त्यावर तसाच होता. तिनं ते काट्यावरून सोडवलं, ओढ्यावर नेलं आणि धुवायला बसली. डाग निघेना, पान मऊ होईना. करडी येऊन तिच्या शेजारी बसली, तरी ती खळबळतच होती.