दातांचे व्रण

फार मागे, एका दिवशी धुकं इतकं दाट होतं की सराफाच्या दुकानामागची बाभळसुद्धा दिसेना. तिच्या मुळाशी भुऱ्या उंदीर राहायचा. आई गेली तेव्हा तिनं सोन्याची म्हणून जपलेली पुतळी, माळेतलं एक गोल नाणं, त्याच्याकडे आली. पुतळीच्या काठावर सगळीकडे आईच्या दातांचे व्रण होते. रोज झोपताना तो त्या व्रणांना गाल लावायचा.

"जन्मभर पितळच सांभाळलं हो तुझ्या आईनं," असं घूसमावशी हसत म्हणाली, ते त्याला फार लागलं. म्हणून तो धुक्यातून पुतळी ढकलत दुकानातल्या कसोटीच्या दगडाकडे गेला.

दगड म्हणाला, "काठ घास माझ्या अंगावर. रेघ उमटली की खरं-खोटं सांगतो. पण काठ तेवढा झिजेल बरं."

भुऱ्यानं पुतळी उचलली. ती न घासताच तो परत आला.

शेजारचे बेडूकआजोबा दारातच होते. "काय रे, खरी का खोटी?"

"नाही घासली, आजोबा. आईचे दात पुसले गेले असते."

"अरे, पितळेत दात असे रुतत नाहीत. पुराच्या दिवशी ती हीच पुतळी तोंडात घट्ट धरून माझ्यासमोरून पोहत गेली. आणि पाठीवर तू होतास."