महाराजांची पापणी

“मग सहा वर्षं मी ज्या शांतीसमोर बसलो, तो आजार होता, महाराज?”

पांझरेकाठच्या मठात, ओसरीवर, शिवगिरी महाराज नुसते ऐकत होते.

विचारणारे मोरेश्वर साबणे, धुळ्याचे मेंदूचे डॉक्टर. माणूस हुशार, पण हात लवकर उठायचा. बायको कुमुद माहेरी निघून गेली, तेव्हा ते प्रथम या मठात आले. महाराजांच्या नाकावर माशी बसली तरी पापणी लवत नसे. भक्त म्हणत, स्थितप्रज्ञ. त्या चेहऱ्याकडे बघता बघता डॉक्टरांचा राग निवत गेला. कुमुद परत आली.

गेल्या महिन्यात महाराजांच्या हातातला पेला थरथरला, आणि डॉक्टरांनी त्या चेहऱ्याकडे नव्यानं पाहिलं. कंपवाताचे असे थिजलेले चेहरे ते दवाखान्यात रोज ओळखत.

त्यांनी गोळ्या सुरू केल्या. तीन आठवड्यांत महाराजांच्या भुवया हलू लागल्या.

“माशी हाकलता येत नव्हती रे,” महाराज हसून म्हणाले. “आणि तुम्ही नमस्कार घालत होता. त्यात तू तर डॉक्टर.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मेंदूतल्या दोन पेशींच्या मध्ये बारीक फट असते. तिच्यातून निरोप न्यायला द्रव्यं असतात. हालचालीला डोपामीन, मन थाऱ्यावर ठेवायला सिरोटोनिन, लगाम घालायला गाबा. महाराजांचं डोपामीन आटलं होतं. ती शांती नव्हती, तुटवडा होता.

“असेल,” महाराज म्हणाले.

“असेल काय, महाराज? मग माझा राग गेला, तो खोट्यालाच भुलून? उद्या घरी पुन्हा हात उठला तर?”

महाराज लोडावरून सरळ होऊन बसले.

“जवळ ये.”

डॉक्टर सरकले. महाराजांनी हात उचलला आणि त्यांच्या थोबाडीत एक सणसणीत ठेवून दिली.

गाल चरचरला. आता राग यायला हवा, एवढं डॉक्टरांना कळत होतं. पण हिसक्यानं महाराज एका अंगाला कलंडू लागले, तसं त्यांनी दोन्ही हातांनी त्यांना सावरलं, पाठीशी लोड सरकवला, अंगावरून घसरलेली शाल नीट केली. मग गोंधळून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले…

“आता तपासून सांग,” महाराज म्हणाले. “आपल्या दोघांत कुणाचं काय आटलंय?”