दोन रेघांची एक रेघ

हत्यारं सुताराशी बोलायची, त्या काळची ही गोष्ट. तुळाजी मिस्त्रींना कपाटाचं दार कापायचं होतं आणि सागवानी प्लायची शीट एकच उरली होती. गोल करवत म्हणाली, "मी पट्टीच्या कडेनं चालते. पट्टी वाकडी निघाली, तर माझ्या नावानं खडे फोडू नका."

ॲल्युमिनियमची पट्टी चमकत पुढे आली. "मलाच घ्या. माझ्या अंगावर आकडे छापलेत!"

कोपऱ्यातली प्लायची जुनी पट्टी म्हणाली, "मिस्त्री, माझ्या कडेनं एक रेघ मारा. मग मला पालथी घालून त्याच कडेनं, त्याच दोन टोकांमध्ये पुन्हा मारा. फट दिसली, तर मला खुशाल चुलीत घाला."

तुळाजींनी दोघींनाही तसंच तपासलं. आकडेवालीच्या रेघांमध्ये तांदळाचा दाणा मावला. जुनीच्या दोन रेघांची एकच रेघ झाली. तिलाच शीटवर आवळून त्यांनी करवत चालवली. दार असं सुरेख निघालं, की करवतसुद्धा बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तुळाजींनी न तपासताच जुनी पट्टी उचलली. ती म्हणाली, "थांबा मिस्त्री. सरळ होते ती काल. आजचं आज बघा."