वायरचा कितवा नंबर?

निवृत्त मुख्याध्यापक सबनीस सरांचे स्पीकर ॲम्प्लिफायरपासून चाळीस फुटांवर होते, म्हणून त्यांनी जाड वायर मागितली. दुकानदार रोहिणी तोडणकरांनी बावीस नंबरचं रीळ बाजूला सारून चौदा नंबरची काढली.

“मोठा आकडा कुठला? बावीस. मग बावीस नंबरची द्या. गिऱ्हाइकाला फसवता?” सर भरल्या दुकानात कडाडले. लोक वळून बघू लागले.

रोहिणीताईंनी शांतपणे विचारलं, “सर, वर्गात तुमचा नंबर कितवा यायचा?”

“कायम पहिला.”

“आणि बाविसावा येणारा?”

“कच्चा.”

“वायरचंही तसंच. आकडा वाढला की वायर बारीक, आवाज कच्चा.”

सर जरा वरमले, पण हटले नाहीत. “मग मला पहिल्या नंबरचीच द्या.”

“ती स्पीकरमध्ये शिरणार नाही, सर. पहिला नंबर सगळीकडे मावत नाही.”