लाल खिडकीतला राखणदार

तालुक्याच्या एका गावी केशवराव नाईकवडे नावाचे निवृत्त मोजणीदार राहत. माणूस हुशार आणि कामाला चोख, पण राग सदा नाकावर. नोकरी संपल्यावर त्यांनी एक काम हौसेने अंगावर घेतले होते. पंचक्रोशीतल्या दोनशे विहिरींचे पाणी ते वर्षातून दोनदा मोजत आणि आकडा लिहून ठेवत. कुणाला नवी विहीर खणायची असली की तो आधी त्यांच्याकडे येई. ते नोंदी चाळत आणि सांगत, "इथे नको. ओढ्याच्या वरच्या अंगाला बघ." त्यांचा शब्द सहसा खोटा ठरत नसे.

पूर्वी या नोंदी वह्यांत असत. मग मुलाने कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तो जहाजावरच्या नोकरीला निघून गेला. घरात केशवराव आणि सून शर्मिष्ठा, अशी दोघेच उरली. शर्मिष्ठा गावातल्या शाळेत शिक्षिका होती. कॉम्प्युटर चालवायला तिनेच सासऱ्यांना शिकवले.

एका मंगळवारी शर्मिष्ठा शाळेत गेल्यावर केशवराव नोंदी भरायला बसले. एकाएकी पडदा लाल झाला आणि आतून भोंगा वाजू लागला. मध्यभागी एक खिडकी उघडली. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये चारशे तेरा विषाणू सापडले आहेत. सर्व माहिती नष्ट होईल. ताबडतोब महारक्षक घ्या.' खाली ढालीचे चित्र होते आणि एक फोन नंबर.

केशवराव घाबरले. इतक्या वर्षांच्या नोंदी त्या पेटीत होत्या. त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. "घाबरू नका सर, मी आहे ना," म्हणाला. केशवरावांनीही त्याला साहेब म्हटले. त्याने सांगितले तिथे दाबले, मागितले ते बँकेच्या कार्डावरचे आकडे वाचून दाखवले, पैसे भरले. भोंगा थांबला. एका भल्या माणसाने घर वाचवले, असे त्यांना वाटले.

संध्याकाळपर्यंत एकही नोंद उघडेना. काहीही दाबले की तीच लाल खिडकी येई आणि आणखी पैसे मागे. शर्मिष्ठा घरी आली. तिने एकदा पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अण्णा, आधी इंटरनेटची वायर काढा. हे आत कसं आलं? तुम्ही कुठे फोन केला होता का?"

प्रश्न साधा होता. पण केशवरावांना तो चाबकासारखा लागला. मोजणीदाराची चूक होत नाही, हे त्यांनी जन्मभर लोकांना ऐकवले होते.

"मी? मी कशाला फोन करू?" ते कडाडले. "तूच त्याच्यावर काहीबाही बघत असतेस. तूच ही घाण घरात आणलीस."

"आठ दिवसांत मी त्याला हात लावलेला नाही, अण्णा."

"खोटं बोलू नकोस. आजपासून त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

त्यांनी खोलीला कुलूप घातले. वायर जागच्या जागी राहिली आणि कॉम्प्युटर चालूच राहिला.

राग घरात मावला नाही. दुसऱ्या दिवशी केशवरावांनी न्हाव्याच्या दुकानात सांगितले, "सुनेने माझ्या नोंदींचं वाटोळं केलं." तिसऱ्या दिवशी तेच चहाच्या टपरीवर सांगितले. सांगताना त्यांना बरे वाटे. थोड्या वेळाने पुन्हा जळजळ सुरू होई, मग पुन्हा कुणाला तरी सांगावे लागे. चौथ्या दिवशी शाळेत एका पालकाने शर्मिष्ठेला हसत विचारले, "बाई, मुलांच्या कॉम्प्युटरला तरी हात लावत नाही ना?"

ती घरी आली ती थेट केशवरावांसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण तोंड लाल झाले होते. "घरात बोललात, ते मी ऐकून घेतलं. गावात बोलायचा तुम्हाला काही अधिकार नव्हता. उद्या तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या नसीमकडे न्या. काय झालं ते तिला कळेल."

केशवराव पाठ फिरवून ओसरीवर गेले. पण रविवारी देवळी गावचे लोक येणार होते. देवळीत पिण्याच्या पाण्याची विहीर खणायची होती आणि जागा केशवराव ठरवणार होते. नोंदी हव्याच होत्या. शनिवारी सकाळी ते कॉम्प्युटर रिक्षात घालून एसटी स्टँडजवळच्या दुकानात गेले.

नसीम तांबोळी हे दुकान एकटीच चालवत असे. केशवराव आत शिरता शिरताच म्हणाले, "सुनेने बिघडवलाय. नीट करून दे."

नसीमने लगेच कामाला सुरुवात केली. तिने इंटरनेट जोडलेच नाही. अगदी गरजेपुरते तेवढेच चालू राहील अशा बेताने कॉम्प्युटर सुरू केला, म्हणजे लाल खिडकीला डोके वर काढता येईना. मग महारक्षक मुळासकट काढला आणि त्याने कानाकोपऱ्यात पेरून ठेवलेली पिलावळ एकेक करून वेचली. आपल्याजवळच्या पेन ड्राइव्हवरून खरी तपासणी चालवली. तीन तास गेले. मग ती बोलू लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज कडक होत गेला.

"काका, हा विषाणू मारणारा नव्हे. हाच विषाणू. चारशे तेरा हा आकडा तो सगळ्यांना दाखवतो. आत काही नसतं. आधी घाबरवायचं आणि मग राखणीचे पैसे उकळायचे. गेल्या महिन्यात एका विधवा बाईला असंच नागवलं. असल्यांना भर चौकात उभं करायला हवं." मग ती थांबली. "जुन्या फायली त्याने नुसत्या लपवल्या होत्या. त्या सापडल्या. पण पडद्यावरच ठेवलेल्या गेल्या दोन वर्षांच्या नोंदी पुसल्या गेल्यात. त्या काल, शुक्रवारी पुसल्या. बाहेरून कुणीतरी आत येत होता. मंगळवारीच वायर काढली असती तर त्या वाचल्या असत्या."

"दोन वर्षांच्या," केशवराव पुटपुटले. गेल्या वर्षीचे पाणी आज मोजता येत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?

नसीमने पडद्यावर बोट ठेवले. "आणि हे बघा. महारक्षक आत आला मंगळवारी सकाळी सव्वाअकराला. तेव्हा शर्मिष्ठाताई शाळेत असतात." तिने आवाज खाली आणला. "मी कुणाला सांगणार नाही, काका. आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा. मग सगळे पासवर्ड बदला."

केशवरावांनी बँकेला फोन केला. रिक्षात बसल्यावर त्यांचा राग उसळला. त्या गोड बोलणाऱ्या माणसाचा राग आला, लाल खिडकीचा आला, आणि मग स्वतःचा इतका आला की कानशिले तापली. ज्याने लुटले त्याला साहेब म्हटले. जिने वायर काढा म्हणून सांगितले तिला खोटारडी ठरवले. आणि गप्प बसले तर अजूनही कुणाला काही कळणार नव्हते.

रविवारी देवळीचे चौघे ओसरीवर येऊन बसले. शर्मिष्ठा पाणी घेऊन आली. त्यांच्यातला एक तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ऐकलं आम्ही, साहेब. घरच्याच माणसाने घात केला म्हणे."

केशवराव उभे राहिले. "घात मी केला," ते म्हणाले. "खिडकीतली धमकी बघून भ्यालो आणि चोराला मीच आत घेतलं. सुनेने वायर काढा म्हणून सांगितलं, तर चूक कबूल करायची लाज वाटली, म्हणून तिचं नाव गावभर बदनाम केलं. तोवर चोर आत वावरत राहिला. तुमच्या शिवारातल्या दोन वर्षांच्या नोंदी त्यामुळे गेल्या. जागा मी आज सांगणार नाही. आधी देवळीच्या सगळ्या विहिरी नव्याने मोजीन आणि मग सांगेन. जिथे जिथे सुनेचं नाव घेतलं, तिथे तिथे आज संध्याकाळी जाऊन मीच खरं सांगणार आहे."

चौघांनी माना खाली घातल्या. शर्मिष्ठेने पाण्याचे तांब्याभांडे खाली ठेवले.

"अण्णा, आधी शाळेपासून सुरुवात करा," ती म्हणाली. "उद्या सोमवार, प्रार्थनेच्या वेळी मुलांना सोडायला पालक आलेले असतात."

तिच्या आवाजातला राग गेला नव्हता. केशवरावांनी तो जाण्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते शाळेच्या मैदानात सर्वांसमोर उभे राहिले आणि त्यांनी पहिल्या शब्दापासून सारे सांगितले.

तात्पर्य: आधी भीती घालून मग राखण विकणारा राखणदार नसतो, चोर असतो. आणि आपली चूक झाकायला काढलेला राग त्या चोराच्या केसालाही धक्का लावत नाही. तो आपल्याच माणसांना भाजतो आणि चोराला वेळ मिळवून देतो.