भरदुपारची शिरगणती

मिठागरांच्या खारवली गावात नळ नव्हता. हंडे वाहून हिराआत्याची मान मोडत आली होती. मोजणीसाहेब भरदुपारी आले, घराघरांत डोकावले आणि त्याच दिवशी तालुक्याच्या सभेत गरजले, “गावात माणसं फक्त नऊ! त्यांना नळ कशाला?”

मोजणीच्या वेळी गाव मिठागरात राबत होतं. आत्या उठली.

“साहेब, काल भरदुपारी मी तुमच्या कचेरीत डोकावले. खुर्च्या वीस, माणूस एक, तोही घोरत होता. एकट्यासाठी एवढी कचेरी कशाला?”

“अहो आत्या, जेवणाची सुट्टी होती ती!”

“मग आमची कामाची वेळ होती की!”

सभा खदखदून हसली. साहेब संध्याकाळी गावात पुन्हा मोजायला आले. एवढी माणसं निघाली की मोजता मोजता त्यांचा घसा कोरडा पडला.

“आत्या, घोटभर पाणी...”

“देते की! नळ तर येऊ द्या!”